हप्त्यासारखा येणारा ताप



मी बालरोगतज्ज्ञ आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. पावसाळ्यात सकाळी बाहेरच्या बाकांवर बसायला जागा नसते आणि आत येणारं प्रत्येक दुसरं पोर तापलेलं असतं. 'मॅडम, ताप आलाय' हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकते, याची मोजदाद मी कधीच सोडून दिलीय.

आज ज्या तापाबद्दल बोलणार आहे, त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती लपवून पुढचं सांगता येणार नाही, म्हणून आधी तीच सांगते. तुम्ही ऐकणारे बरेच जण विशीतले, तिशीतले. कुणी नवे आईबाबा असाल, कुणी मामा, आत्या, काका. घरात एखादं 'सारखं आजारी पडणारं' पोर असतंच. हा भाग ऐकताना त्याचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवा.

माझ्याकडे येणाऱ्या त्या मुलाला आपण राघव म्हणू. नाव बदललंय, आणि गोष्ट सांगायची परवानगी त्याच्या आईकडून घेतलीय. वय तेव्हा साडेतीन. आई एका पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर, वडील ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. जूनमध्ये तो पहिल्यांदा आला. ताप १०३, घसा लालभडक, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेला दोन्ही बाजूंनी गाठी. मी अँटिबायोटिक लिहून दिलं. चौथ्या दिवशी ताप गेला. सगळे खूश.

जुलैत तो परत आला. तेच सगळं. परत अँटिबायोटिक, परत चौथ्या-पाचव्या दिवशी ताप गायब. ऑगस्टमध्येही तेच. मी म्हणाले, 'ताई, पावसाळा आहे, बालवाडी नुकतीच सुरू झालीय, मुलं एकमेकांना आजार देतात.' हे खोटं नव्हतं. पहिल्या दोन वर्षांत बालवाडीतल्या पोराला वर्षाला सात-आठ वेळा सर्दी-ताप होणं काही नवलाचं नाही. पण प्रत्येक वेळी केसपेपर नवा, गर्दी तेवढीच, आणि मी फक्त समोरचा घसा बघत होते. मागची तारीख बघत नव्हते.

२८ ऑक्टोबरला राघवची आई आली ती कालनिर्णयची पानं घेऊन. जून ते ऑक्टोबर, पाच पानं, घडी घालून पर्समध्ये ठेवलेली. म्हणाली, 'मॅडम, रागावणार नसाल तर एक दाखवू?'

आपल्याकडच्या घरात कालनिर्णयवर काय काय लिहिलेलं असतं, तुम्हाला माहीत आहेच. दुधाचे लिटर, गॅस कधी लावला, कामवालीचे खाडे. त्या सगळ्यात लाल पेनाने काही तारखांना गोल केला होता. ९ जून. ७ जुलै. ५ ऑगस्ट. १ सप्टेंबर. ३० सप्टेंबर. २७ ऑक्टोबर.

'मी रोज लोकांच्या हप्त्याच्या तारखा बघते,' ती म्हणाली. 'कोण कधी चुकवतो ते मला तोंडपाठ असतं. हा ताप तारीख चुकवत नाही, मॅडम. हप्त्यासारखा येतो.'

मी तिच्यासमोरच दिवस मोजले. २८, २९, २७, २९, २७.

साथीचा आजार असा वेळापत्रक बघून येत नाही. आधीच्या पाच तापांपैकी चार वेळा मी त्या मुलाला अँटिबायोटिक दिलं होतं, एकदा आजोळी असताना तिथल्या डॉक्टरांनी. आणि प्रत्येक वेळी आम्हाला वाटलं, औषध लागू पडलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसं ते झालं होतं. ताप चौथ्या-पाचव्या दिवशी आपला आपणच जाणार होता. आम्ही त्याचं श्रेय बाटलीला देत होतो.

हा ताप नेमका कोणता?

आपल्या भाषेत तापाला वेळेच्या हिशोबानं नावं देण्याची जुनी पद्धत आहे. टायफॉइडला मुदतीचा ताप म्हणायचे, कारण तो आपली मुदत पुरी करून जायचा. मलेरियाला पाळीचा ताप, कारण तो एक दिवसाआड थंडी वाजवत पाळीने यायचा. म्हणजे 'ताप किती वाजता, कितव्या दिवशी आला' हे विचारणं आपल्या आज्यांना बरोबर जमत होतं. आमच्यासारख्या डॉक्टरांची ती सवय गर्दीत मोडली.

राघवच्या तापाची पाळी दिवसांची नव्हती, आठवड्यांची होती. या आजाराचं नाव लांबलचक आहे. इंग्रजी आद्याक्षरं जोडून त्याला 'पीफापा' म्हणतात. ठरावीक काळानं येणारा ताप, तोंडात छोटे फोड, घसा सुजणं आणि मानेच्या गाठी, एवढं सगळं त्या नावात आहे. १९८७ साली अमेरिकेत गॅरी मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बारा मुलांचं वर्णन छापलं, तेव्हापासून हा आजार वैद्यकाच्या पुस्तकात आहे.

त्याचं चित्र साधारण असं असतं. सुरुवात बहुतेकदा पाच वर्षांच्या आत. दर तीन ते सहा आठवड्यांनी ताप, तोही एकदम चढलेला, १०२-१०४. तो तीन ते सहा दिवस राहतो. प्रत्येक वेळी तोंडात फोड येतीलच असं नाही. घसा किंवा गाठी यांपैकी काहीतरी असतं. आणि दोन तापांच्या मध्ये मूल एकदम ठणठणीत. खातं, खेळतं, वजन वाढतं, उंची वाढते. खूप आई-बाबा सांगतात की ताप यायच्या आदल्या दिवशीच त्यांना कळतं. मूल चिडचिडं होतं, डोळे वेगळे दिसतात. राघवची आजी म्हणायची, 'उद्या तापणार हा, कान बघ कसे झालेत.' आम्ही हसायचो. आजी बरोबर होती.

मग नेहमीचा सर्दी-ताप आणि हा, यांत फरक कसा करायचा? नेहमीच्या तापात नाक वाहतं, खोकला असतो, घरातलं दुसरं कुणीतरी शिंकत असतं. तो पावसाळ्यात, थंडीत जास्त, उन्हाळ्याच्या सुट्टीत कमी. पीफापाच्या तापात सहसा सर्दी-खोकला नसतो, घरात दुसऱ्या कुणाला काही झालेलं नसतं, आणि त्याला सुट्टी-बिट्टी कळत नाही. मे महिन्यात आजोळीसुद्धा तो तारखेला हजर.

आत काय होतं?

आमच्या गावात नगरपालिकेचा भोंगा आहे. सकाळी ठरलेल्या वेळी वाजतो. आग लागली तरी तोच वाजवायचा. आता समजा बाहेरगावचा पाहुणा आला आणि त्याने रोज नऊचा भोंगा ऐकून बादल्या घेऊन धाव घेतली, तर? आग कुठंच नाही. भोंगा मात्र खराच वाजला.

आपल्या शरीरात जन्मजात संरक्षणाची एक यंत्रणा असते. जंतू दिसला की ती इंटरल्युकिन-१ सारखी रसायनं सोडते आणि त्यातून ताप, सूज, गाठी होतात. पीफापामध्ये ही यंत्रणा जंतू नसतानाच अधूनमधून वाजते. या गटाच्या आजारांना ऑटोइन्फ्लमेटरी म्हणतात. हा शब्दच १९९९ मध्ये रूढ झाला. म्हणजे तुमच्यातले काही जण त्या शब्दाहून वयानं मोठे असाल.

म्हणून अँटिबायोटिक इथं कामाचं नाही. ते जंतू मारतं, आणि मारायला जंतूच नाही. आणि म्हणूनच हा ताप एकाचा दुसऱ्याला होत नाही. बालवाडीत 'याला घरी ठेवा, इतरांना लागेल' असं म्हणत असतील, तर डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी घेऊन द्या. राघवच्या आईला मी ती दिली. तिला त्या चिठ्ठीचा औषधापेक्षा जास्त उपयोग झाला, असं ती अजून म्हणते.

तारीख जुळली म्हणजे झालं का?

नाही. इथं थांबा, हा भाग महत्त्वाचा आहे.

पीफापाची एकच अशी तपासणी नाही की रिपोर्टवर 'आहे' किंवा 'नाही' छापून येईल. निदान होतं ते तारखा बघून, मूल तपासून आणि बाकीचे आजार वगळून. आपल्याकडे वगळायची यादी मोठी आहे. मलेरिया, टायफॉइड, डेंगी, लघवीचा संसर्ग, टीबी. आणि जे नाव कुणालाच घ्यायला नको वाटतं ते, रक्ताचा कर्करोग. एक-दोनदा ताप आला, तोंडात फोड आले, की लगेच इंटरनेटवर बघून 'आमच्या बाळाला पीफापा' असं ठरवू नका.

राघवच्या बाबतीत मी काय केलं ते सांगते. त्या दिवशी ताप होता, म्हणून तेव्हाच रक्त, लघवी आणि घशाचा नमुना घेतला. सूज दाखवणारी सीआरपी ९२ आली. पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. घशाच्या नमुन्यात जंतू वाढले नाहीत, लघवी स्वच्छ. मग १२ नोव्हेंबरला, तो मजेत खेळत असताना, परत रक्त घेतलं. वडील म्हणाले, 'बरा असताना कशाला टोचायचं पोराला?' प्रश्न रास्त होता. पण अर्धं उत्तर त्याच दिवशीच्या रक्तात असतं. सीआरपी एकच्या आत, पेशी नॉर्मल. म्हणजे मधल्या दिवसांत भोंगा पूर्ण बंद. जुनाट संसर्ग आत दडलेला असता तर तसं सहसा दिसलं नसतं.

आणखी एक आजार वगळावा लागतो. त्यात साधारण दर २१ दिवसांनी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात. त्यातही ताप आणि तोंडात फोड येतात, पण तिथं संसर्गाचा धोका खरा असतो. शंका असेल तर काही आठवडे पुन्हा पुन्हा पेशी मोजतात. राघवच्या पेशी तापात घटत नव्हत्या, उलट वाढत होत्या.

शिवाय जनुकांमधून येणारे काही ताप आहेत. त्यातला सगळ्यात माहितीतला म्हणजे फॅमिलियल मेडिटेरेनियन फीवर. तुर्की, आर्मेनियन, अरब, ज्यू अशा भूमध्य समुद्राभोवतीच्या समाजांत तो जास्त दिसतो, आपल्याकडे क्वचित. त्यात ताप एक ते तीन दिवसच राहतो, पण पोट, छाती किंवा सांधा जबरदस्त दुखतो. उपचार न झाल्यास पुढं किडनीत एक प्रकारचं प्रथिन साचत जाऊन ती निकामी होऊ शकते. त्याचं जनुक १९९७ मध्ये सापडलं, पण औषध त्याच्या कितीतरी आधी, १९७२ मध्ये लक्षात आलं होतं. कोल्चिसिन.

आता हे औषध आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरायला जाता ना? कुंपणाच्या कडेला लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फूल दिसतं, कळलावी. तिच्या कंदात आणि बियांत हेच कोल्चिसिन असतं. आणि ती वनस्पती विषारी आहे. इन्स्टावर फोटो टाका, घरी आणून उगाळू नका. औषधाचा डोस आणि विषाचा डोस यांत अंतर फार कमी आहे. गोळी घेतानासुद्धा काही अँटिबायोटिकबरोबर, उदाहरणार्थ क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर, ती अंगावर येऊ शकते.

पहिल्या वर्षाच्या आतच सुरू झालेला ताप, अंगावर पुरळ, सांधे सुजणं, सतत पोटदुखी, घराण्यात तसाच इतिहास, किंवा मधल्या दिवसांतही सीआरपी चढलेली, असं काही असेल तर जनुकीय तपासणीचा विचार करतात. साध्या, पुस्तकात असतो तशा पीफापाला तिची सहसा गरज पडत नाही. मी राघवला एकदा पुण्याला मुलांच्या संधिवाताच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. नाव संधिवाताचं असलं तरी असे ताप तेच बघतात. त्यांनीही पीफापाच म्हटलं.

मग उपाय काय?

१२ नोव्हेंबरला मी राघवच्या आईला म्हणाले, 'पुढचा हप्ता २४ तारखेच्या आसपास.' २३ तारखेला रात्री अकराला फोन आला. 'मॅडम, आला.' तिच्या आवाजात त्या दिवशी घाबरणं नव्हतं. सहा वेळा ती रात्र रात्र पट्ट्या बदलत बसली होती. सासू म्हणायची, तूच थंड काहीतरी देतेस. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या होत्या. सातव्या वेळी पहिल्यांदा तिला माहीत होतं की हा ताप कुठला आहे आणि कधी जाणार आहे. निदान होणं हाच पहिला उपचार असतो, हे मी कॉलेजात ऐकलं होतं. कळलं त्या रात्री.

त्यानंतरचे मार्ग चार.

पहिला मार्ग, काही विशेष न करणं. पाणी, मऊ खाणं, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे. त्यानं ताप थोडा उतरतो, औषधाचा असर संपला की परत चढतो. हे माहीत असलं की पॅनिक होत नाही. हा मार्ग चुकीचा नाही. पीफापानं वाढ खुंटत नाही, किडनी-बिडनी बिघडत नाही, आणि बहुतेक मुलांत काही वर्षांत ताप विरळ होत जाऊन थांबतो. थोड्यांत तो मोठेपणीही रेंगाळतो.

दुसरा मार्ग, ताप सुरू होताच स्टेरॉइडचा एक डोस. बहुतेक मुलांत काही तासांत ताप उतरतो, इतका की त्यावरून निदानाला बळ मिळतं. पण दोन गोष्टी आहेत. एक, पुढचा ताप त्यानं अडत नाही. उलट काही मुलांत तो लवकर येतो. दोन, निदान पक्कं नसताना दिलेलं स्टेरॉइड धोक्याचं. टीबी असेल तर तो पसरू शकतो, रक्ताचा कर्करोग असेल तर तो काही काळ झाकला जातो. म्हणून मी इथं डोस सांगत नाहीये, मुद्दाम. मागच्या वेळची उरलेली बाटली काढून देणं, शेजारच्यांना सुचवणं, हे करू नका.

राघवला २४ तारखेला सकाळी आम्ही तो डोस दिला. संध्याकाळी तो अंगणात सायकल चालवत होता. वडिलांनी व्हिडिओ पाठवला. पण पुढचा ताप २१ दिवसांनी आला, त्यापुढचा १९. आई म्हणाली, 'हप्ता लवकर फेडला की पुढचा लवकर येतोय, मॅडम. व्याज परवडेना.' मग आम्ही ठरवलं, स्टेरॉइड दर वेळी नाही. मामाचं लग्न, प्रवास, आईचं मार्चअखेरचं काम, अशा अडचणीच्या वेळीच.

तिसरा मार्ग, रोजचं औषध देऊन ताप कमी करणं. त्यासाठी काही तज्ज्ञ कोल्चिसिन वापरतात. ताप पूर्ण थांबला नाही तरी विरळ होतो, असा काही मुलांचा अनुभव आहे. जुलाब हा नेहमीचा त्रास. पूर्वी आम्लपित्तावरचं सिमेटिडीनही वापरलं जायचं, पण त्याचा भरवसा कमी.

चौथा मार्ग, टॉन्सिल काढणं. याबद्दल दोन अभ्यास मी आई-बाबांना नेहमी सांगते. २००७ मध्ये फिनलंडमध्ये २६ मुलांवर केलेल्या चाचणीत १४ मुलांचे टॉन्सिल काढले, १२ जणांचे नाही. सहा महिन्यांनी त्या १४ पैकी सगळ्यांचा ताप थांबला होता. पण ज्यांचे काढले नव्हते, त्या १२ पैकी सहा जणांचाही थांबला होता! २००९ मध्ये इटलीत ३९ मुलांवर चाचणी झाली. १८ महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६३ टक्के मुलं पूर्ण बरी होती, न झालेल्यांपैकी पाच टक्के. म्हणजे शस्त्रक्रियेचा उपयोग होतो, हे दोन्हीकडे दिसतं. पण वाट बघणाऱ्याला किती मिळेल, याचं उत्तर दोन्हीकडे वेगळं. शिवाय भूल, रक्तस्राव, आठवडाभराचं दुखणं, हे सगळं खरंच असतं.

राघवच्या घरी त्यावर दोन महिने बोलणं झालं. त्यांनी थांबायचं ठरवलं. आजीचा धीर मोठा होता, आईला कामावर थोडी मोकळीक मिळाली. पाच वर्षांचा होईपर्यंत ताप येत राहिला, मग सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. आता तो आठ वर्षांचा आहे, शेवटचा ताप येऊन दीड वर्ष झालं.

पण मी तुम्हाला दुसरं घरही सांगते. शेजारच्या गावातली एक मुलगी, चार वर्षांची, तसाच ताप, दर तीन आठवड्यांनी. आई रोजंदारीवर भांगलणीला जाते. प्रत्येक ताप म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडणार. तिला मी 'थांबा, मोठी झाली की जाईल' असं सांगितलं असतं, तर ते वैद्यकाच्या हिशोबानं बरोबर आणि तिच्या हिशोबानं चूक झालं असतं. त्यांनी टॉन्सिल काढायचं ठरवलं, ताप थांबला. आजार एकच, निर्णय दोन, आणि दोन्ही माझ्या मते बरोबर. कुठला उपचार चांगला हे विचारताना 'कुणासाठी' हेही विचारावं लागतं.

तुमच्या हातातलं काम

तुम्ही सगळे हे फोनवर ऐकताय. त्याच फोनमध्ये एक नोट उघडा. घरातल्या पोराला ताप आला की पाच-सहा गोष्टी टिपा. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला. थर्मामीटरनं मोजलेला सगळ्यात जास्त आकडा. हात लावून नव्हे. सर्दी-खोकला आहे का, तोंडात फोड आहेत का. फोडांचा, पुरळ असेल तर पुरळाचा फोटो. घरात आणखी कुणी आजारी आहे का. कुठलं औषध दिलं. आणि ताप कधी गेला. बस्स. केसपेपर हरवतो, फोन सहसा हरवत नाही. तीन-चार तापांनंतर तारखांमधले दिवस मोजा आणि ती यादी डॉक्टरांसमोर ठेवा. डॉक्टर घाईत असतील तरी ठेवा. मीही घाईतच होते.

मधल्या बऱ्या दिवसांत वजन-उंची बघा आणि ठरलेलं लसीकरण 'सारखा आजारी असतो' म्हणून पुढं ढकलू नका. त्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

आणि तारीख जुळली तरी 'हा आपला नेहमीचाच' म्हणून दुर्लक्ष कधी करायचं नाही, तेही ऐका. मूल सुस्त पडलंय, नीट ओळख देत नाही. श्वास जोरात चाललाय. मान कडक झालीय. झटका आला. अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे डाग आलेत. लघवी कमी झालीय. ताप सात दिवसांपुढं गेलाय. वजन घटतंय, चेहरा पांढरा पडलाय, हाडं दुखतात म्हणून मूल रात्री उठतंय. यांतलं काहीही असलं तर त्याच वेळी दवाखाना गाठायचा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप असला तरी. पीफापा असलेल्या मुलालाही डेंगी होतोच की.

राघवच्या आईनं आणलेल्या त्या पाच पानांचा फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे. त्या दिवसापासून दवाखान्यात एक बदल केला. तापाचं पोर आलं की माझी रिसेप्शनवरची मुलगी आधी विचारते, 'याआधीचा ताप कधी आला होता?' आणि केसपेपरच्या डोक्यावर ती तारीख लिहिते. दहा सेकंद लागतात. बहुतेक वेळा त्यातून काही निघत नाही, साधा सर्दी-तापच असतो. कधीतरी निघतं.

तुमच्या घरात, शेजारी असं पोर असेल तर हा भाग त्याच्या आई-बाबांना पाठवा. काळजी घ्या. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.